कोपऱ्यातली जागा

कोपरा या शब्दाला आपल्या भाषेत फारशी प्रतिष्ठा नाही. मोडकी छत्री कोपऱ्यात जाते, गणपती गेले की मखर कोपऱ्यात जाते, आणि घरात ज्याचे कोणी ऐकत नाही असा म्हातारा कोपऱ्यात बसतो. माझ्या लहानपणी पाढे न येणाऱ्या मुलाला गुरुजी कोपऱ्यात उभे करीत. तोंड भिंतीकडे, पाठ वर्गाकडे.

कबड्डीच्या मैदानात मात्र कोपरा ही मानाची जागा आहे. मान किती महाग पडतो हे तिथे पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या पोराला विचारावे. त्याची पाठ वर्गाकडे नसते एवढाच काय तो फरक. सगळा वर्ग त्याच्या तोंडाकडे बघत असतो.

मी शिकवतो ती शाळा घोडबंदर रोडच्या अंगाला आहे. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधून हा न संपणारा रस्ता. मानपाडा, वाघबीळ, कावेसर, ओवळे, कासारवडवली, भाईंदरपाडा, गायमुख ही नावे बाहेरच्या माणसाला बसथांब्यांची वाटतात; पण ती गावे आहेत. उंच इमारतींच्या आणि मेट्रोच्या खांबांच्या मागे गेले की अजून गावदेवीचे देऊळ सापडते, पायरीवर मासळी निवडणारी बाई सापडते, आणि जिथे चार गुंठे मोकळी जागा उरली आहे तिथे चुन्याने आखलेले कबड्डीचे मैदान सापडते. थंडी पडू लागली की रात्री दिवे लावून सामने होतात. इमारतीतली माणसे गॅलरीत येऊन बघतात, गावातली माणसे दोरीला छाती टेकवून बघतात. ओरडणे दोघांचेही सारखेच असते.

कबड्डी मराठी वाचकाला समजावून सांगायची नसते. हुतूतू म्हणून आपल्या आजोबांनी ती खेळली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ती बर्लिनला नेऊन दाखवली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत ती पदकाचा खेळ झाली. पण कोपरा मात्र समजावून सांगावा लागतो, कारण बघणाऱ्याचे डोळे नेहमी चढाई करणाऱ्यावर असतात.

सात जणांची फळी धनुष्यासारखी वाकलेली उभी असते. तिच्या दोन टोकांना दोन कोपरारक्षक. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. त्यातले साडेसहा मीटर आपले. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. मैदानात सहा किंवा सात बचावपटू असताना चढाई करणाऱ्याने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला आणि त्या वेळी दुसरा पाय हवेत ठेवला, तर कोणालाही न शिवता त्याला गुण मिळतो. तो टेकणारा पाय बहुधा कोपऱ्याच्या अंगाला पडतो. त्याचा घोटा धरणे हे कोपरारक्षकाचे काम. तो घोटा तिथे किती वेळ असतो? डोळ्याचे पाते लवायला लागतो तेवढा.

त्या एवढ्याशा वेळात त्याने वाकायचे, सूर मारायचा, दोन्ही हातांची मिठी घोट्याभोवती घालायची, आणि मागून मध्यरक्षकाची धडक येईपर्यंत ती सुटू द्यायची नाही. अर्धा क्षण उशीर झाला तर बोनस गेला. अर्धा क्षण घाई झाली तर त्याहून वाईट: समोरचा पाय काढून घेतो, वाकलेल्या पाठीवर हात ठेवतो आणि हसत हसत मध्यरेषेकडे निघून जातो. मग कोपरारक्षक बाद. त्याने मैदानाबाहेर जाऊन बसायचे, आणि आपल्या संघाने गुण मिळवला तर पाळीने परत यायचे. आमच्याकडची मुले याला 'मेला' आणि 'जिवंत झाला' असेच म्हणतात. एका रात्रीत इतक्यांदा मरणारा आणि इतक्यांदा जिवंत होणारा प्राणी कोपरारक्षकाखेरीज दुसरा नसेल.

मी ज्याच्याविषयी लिहितो आहे तो मुलगा पाचवीपासून माझ्या वर्गात होता. उंचीने बेताचा, खांद्याने रुंद, बोलण्यात कमी. घरची थोडी जमीन होती, तिच्यावर आता कोणाच्या तरी मोटारी उभ्या राहतात. वडील टेम्पो चालवतात. अठरा पुरी झाली त्या वर्षी गावच्या संघाने त्याला डाव्या कोपऱ्यात उभे केले. आधीचा कोपरारक्षक गुडघा दुखावून घरी बसला होता, आणि दुसरे कोणी नव्हते. मोठ्या जागा पुष्कळदा अशाच मिळतात.

वडिलांनी त्याच्याशी करार केला. करार माझ्यासमोरच झाला, म्हणून मला ठाऊक आहे. "सर, तुम्ही साक्षीला. ह्या दिवाळीपासून पुढल्या दिवाळीपर्यंत. तोवर याला कोणी नोकरीला घेतलं तर घेतलं. नाहीतर दुसऱ्या टेम्पोचं कर्ज काढतो, याने स्टिअरिंग धरायचं." त्या माणसाचे म्हणणे अवाजवी नव्हते. रेल्वे, पोलीस, बँका, तेलकंपन्या यांनी खेळाडू म्हणून कामावर घेतलेली माणसे या पट्ट्यातल्या गावांनी पाहिली आहेत. कबड्डी म्हणजे पोट भरण्याची एक वाट, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या वाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्यांपैकी पुढे किती जातात, हे टेम्पो चालवणाऱ्या बापाला माझ्यापेक्षा नीट समजत होते.

पहिला हंगाम कसा गेला म्हणता? आगीसारखा. 'डावा कोपरा नवा आहे' ही बातमी ठाण्यापासून कल्याणपर्यंत पोचायला दोन सामने पुरले. तिसऱ्या सामन्यापासून समोरचे चढाईपटू येत ते थेट त्याच्याकडे. पाय दाखवीत, काढून घेत, पुन्हा दाखवीत. तो प्रत्येक पायावर झेपावे. त्याच्या अंगात ताकद कमी नव्हती, धीटपणा तर जरा जास्तच होता. पण आपण इथे काहीतरी करून दाखवण्यासाठी उभे आहोत, ही जी जाणीव नव्या माणसाला असते, ती त्याला एका जागी उभे राहू देईना. एका सामन्यात तो पहिल्या दहा मिनिटांत तीनदा बाद झाला. मध्यंतरानंतर त्याला बसवले. दोरीबाहेरून कोणी तरी ओरडले, "अरे, टेम्पोतून गिऱ्हाईक आणलंय का?" बाप दोरीशीच उभा होता.

त्यातच मातीवरून मॅटवर जाण्याचे दुःख. मातीत वाढलेला मुलगा अनवाणी खेळतो. सूर मारला की जमीन त्याला थोडी पुढे सरकू देते. मॅट सरकू देत नाही. कोपर आणि गुडघे सोलून निघतात, बुटाचा तळवा चिकटतो, आणि मातीत जे अंतर एका झेपेत कापले जायचे ते इथे वीतभर अपुरे पडते. त्याने वीतभर आधी निघायला सुरुवात केली. म्हणजे घाईवर घाई चढली.

मला हे सारे परके वाटले नाही. माझे शिक्षण मॅट्रिकशी थांबले आणि मी फारशा तयारीवाचून मुलांपुढे उभा राहिलो. नवा मास्तर आला ही बातमी मागच्या बाकावर कशी पोचते, हे मास्तर झालेल्यालाच माहीत. मागचा बाक चढाई करायला येतो. एक जण शीळ घालतो, दुसरा वही पाडतो, तिसरा अतिशय साळसूदपणे अवघड प्रश्न विचारतो. पहिले वर्षभर त्यांना माझ्यातला मास्तर बघायचा नसतो. मी कशावर झेपावतो तेवढेच बघायचे असते. जुने मास्तर शिळेकडे कान देत नाहीत. त्यांना ती ऐकू येत नाही असे मला वाटे. पुढे कळले की त्यांना कोणी घातली हेही ठाऊक असते.

दुसरीही एक बाजू आहे. मी कादंबऱ्या लिहितो. लिहिताना मी चढाई करणारा असतो; पाय कुठे टाकायचा, हुलकावणी कुठे द्यायची, ते मला ठाऊक असते. वाचक बिचारा कोपऱ्यात उभा. म्हणून मला चढाईपटूचा विस्मय कमी वाटतो. ज्याला आपण कुठे जाणार हे माहीत आहे त्याने चपळ असण्यात विशेष ते काय? ज्याला ते माहीत नाही आणि तरी ज्याने वेळेवर पोचायचे आहे, त्याचे काम कठीण.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने मला एकदा सांगितले की अमेरिकन फुटबॉलमध्येही हा कोपरा आहे. कॉर्नरबॅक म्हणतात त्याला. अकरा-अकरा जणांचा तो खेळ. समोरचा झेल घेणारा गडी कोणत्या वाटेने पळणार ते त्याने आधीच ठरवलेले असते. कॉर्नरबॅकने त्याच्या तोंडाकडे बघत, पुष्कळदा उलटे पावलांनी पळत, ते ओळखायचे. चेंडू येण्याआधीच घाईने त्याला धरले आणि झेल घेण्याला अडथळा झाला, तर गुन्हा जिथे घडला तिथे चेंडू नेऊन ठेवतात. त्या एका घाईने संघाची कितीतरी जमीन जाते. पहिल्या वर्षाचा कॉर्नरबॅक दिसला की चेंडू फेकणारा त्याच्याच अंगाला फेकतो. २०२० साली डेट्रॉइटच्या संघाने जेफ ओकुडा नावाच्या तरुणाला सगळ्या नव्या खेळाडूंत तिसऱ्या क्रमांकाने निवडले. त्याचे पहिले वर्ष फार अवघड गेले आणि दुसऱ्याच्या आरंभी घोट्यामागची शीर तुटून तो बसला. उलट २०२२ साली न्यूयॉर्क जेट्सचा सॉस गार्डनर पहिल्याच वर्षी देशातला सर्वोत्तम नवा बचावपटू ठरला. भाचा म्हणाला, "मामा, तिथे म्हणतात, कॉर्नरबॅकला विसरता आलं पाहिजे." मला हे ऐकून आमच्या मैदानाबाहेर बसलेला मुलगा आठवला. बाद होऊन बसलेल्या माणसाला विसरायला तेवढीच दोन-तीन मिनिटे मिळतात.

आपल्याकडेही २०१४ च्या २६ जुलैला मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली आणि दूरचित्रवाणीने कोपऱ्याला चेहरे दिले. या रस्त्यावरच्या मुलांना ते पाठ आहेत. इराणचा फजल अत्राचली २०१५ मध्ये यू मुंबाकडून इथे आला आणि पुढे त्याच संघाचा कर्णधार झाला. उत्तर प्रदेशच्या संघाचा उजवा कोपरारक्षक नितेश कुमार २०१७ मध्ये नवखा म्हणून उतरला. २०१८ मध्ये एका हंगामात पकडींचे १०० गुण मिळवणारा तो पहिला खेळाडू झाला. इराणचाच मोहम्मदरझा शादलू पहिल्याच हंगामात सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. आमच्या ठाणे जिल्ह्यातला गिरीश इर्नाक, डाव्या कोपऱ्याचा, २०१८ च्या आशियाई खेळांत भारताकडून उतरला. ही नावे ऐकून मुलांच्या छात्या फुगतात. पण नावांमध्ये मधली वर्षे दिसत नाहीत. शादलूसारखा एखादा येतो तेव्हा तो आला आणि जिंकला एवढेच दिसते. तसे सगळ्यांचेच होते असे मग बापांनाही वाटते आणि पोरांनाही.

आमच्या संघात उजव्या बाजूला एक मध्यरक्षक आहे. वय छत्तिशीच्या पुढे, महापालिकेत पाणीखात्यात नोकरी, गुडघ्यावर कायमची पट्टी. सगळे त्याला नुसते दादा म्हणतात. मुलगा तीनदा बाद झाला त्या रात्रीनंतर दादाने त्याला सरावाला बोलावले आणि सांगितले, "पंधरा दिवस पकड करायची नाही." हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. चढाई येईल, पाय येईल, बोनस जाईल, जाऊ द्यायचा. फक्त बघायचे. "घोटा तुझ्याकडे चालत येतो," दादा म्हणाला. "तू त्याच्याकडे जायचं नाहीस."

पोराला ही शिक्षाच वाटली. शाळेतल्या कोपऱ्याची त्याला तेव्हा खरी आठवण झाली असेल. आठ दिवसांनी मला वाटेत भेटला. म्हणाला, "सर, एक गंमत सांगू? खोटा पाय असतो ना, त्याच्या आधी खांदा हलत नाही. खऱ्याच्या आधी हलतो." मी विचारले, "हे दादाने सांगितलं?" "नाही. हात बांधलेले होते म्हणून दिसलं."

मी त्या दिवशी त्याला काही शिकवायच्या फंदात पडलो नाही. शिकवण्यासारखे काही उरले नव्हते.

म्हणून पुढचे सामने तो जिंकत सुटला असे मात्र झाले नाही. खांदा हलला हे दिसणे निराळे आणि हलल्याबरोबर हात सोडणे निराळे. आता तो उशीर करू लागला. घाईच्या शिव्या थांबल्या आणि सुस्तीच्या सुरू झाल्या. संघातल्या दोघा-तिघांनी त्याला बदलायची भाषा केली. दादाने एवढेच म्हटले, "बदला. मग मलाही बदला." बैठकीत कोणी पुढे बोलले नाही. आपल्याकडे नव्या मुलाच्या कौतुकाची सोय पुष्कळ आहे. हार, शाल, फलकावर फोटो. नव्या मुलासाठी आपली जागा पणाला लावणारा जुना माणूस मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

गेल्या थंडीतला तो सामना मी विसरणार नाही. शेवटची चार मिनिटे, समोरचा संघ दोन गुणांनी पुढे, आणि त्यांची तिसरी चढाई. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्यात गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. आला तो गडी नावाजलेला. सरळ डाव्या कोपऱ्याकडे गेला. पाय दाखवला. मुलगा हलला नाही. पुन्हा दाखवला, या वेळी वीतभर अधिक आत. दोरीबाहेरचे सगळे ओरडले, "धर!" मीही ओरडलो. मुलाचे बोटसुद्धा हलले नाही. तो गडी उजवीकडे गेला, दादाकडे पाहून परत डावीकडे आला, हात लांब केला. मुलगा अर्धे पाऊल मागे सरला आणि पुन्हा होता तिथे उभा राहिला. ३० सेकंद संपले. पंचांनी शिट्टी दिली. चढाई करणारा बाद, आमचा गुण, आमचा एक माणूस जिवंत.

दादा धावत येऊन त्याच्या पाठीवर थाप मारीत होता. माझ्या शेजारी उभा असलेला बाप म्हणाला, "सर, पण यानं काय केलं? पकडला तर नाहीच त्याला."

"नाही पकडला."

"मग नाचतायत कशाला?"

गुणफलकावर पकडीच्या गुणापुढे खेळाडूचे नाव पुकारतात. या गुणापुढे कोणाचे नाव नव्हते. बापाला मी काय सांगणार! सामना संपल्यावर दादाच त्याच्यापाशी आला. पट्टी सोडत म्हणाला, "काका, गेल्या वर्षी तुमचा पोरगा त्या पायावर तीनदा मेला असता. आज त्यानं त्याला परत पाठवला. पकडायला काय, ते आता येईलच."

सामना आम्ही एका गुणाने हरलो, हेही सांगितले पाहिजे.

नोकरी अजून लागलेली नाही. एका कंपनीच्या संघाने चाचणीला बोलावले, बघितले, आणि पुढच्या वर्षी या म्हणून सांगितले. पुढचे वर्ष म्हणजे कराराबाहेरचे वर्ष. तो मुलगा हे वडिलांना सांगायला चार दिवस धजला नाही. आणि या वेळच्या थांबण्यात दादाची काही शिकवण नव्हती.

वसुबारसेच्या संध्याकाळी वडील माझ्या दारात टेम्पो लावून आत आले. कर्जाचे कागद दाखवायला आले असतील असे मला वाटले. पाणी प्यायले, दारातल्या कंदिलाकडे बघत थोडा वेळ बसले. मग म्हणाले, "सर, साक्षीला तुम्ही होता म्हणून तुम्हालाच सांगतो. दुसऱ्या टेम्पोची एवढी काही घाई नाही. पण त्याला म्हणावं, पाडव्याला पहाटे लवकर उठून हा टेम्पो धुवायला ये. तिथं थांबायचं नाही."